अपात्र आणि पात्र



दर रविवारी मिस्सामध्ये एक क्षण येतो. इतक्या वेळा आलेला, की त्याच्याकडे आपले लक्षच जात नाही. धर्मगुरू ख्रिस्तप्रसाद उंच धरून हाच देवाचा कोकरा असे आपल्याला दाखवतात. त्यावर आपण सगळे एका सुरात उत्तर देतो. प्रभूने आपल्या छपराखाली यावे एवढी आपली योग्यता नाही, असे आपण कबूल करतो. त्याच्या एका शब्दाने आपण बरे होऊ, असेही त्याच दमात म्हणतो. आणि मग काय करतो? बाकावरून उठतो आणि रांगेत उभे राहतो.

एखाद्या परक्या माणसाला हा प्रकार चमत्कारिक वाटेल. समजा, नोकरीच्या अर्जात कोणी पहिल्याच ओळीत लिहिले की, 'मी या पदासाठी पात्र नाही', तर तो अर्ज वाचणारा साहेब दुसरी ओळ वाचणारही नाही. जगाचा व्यवहार असा आहे: आधी पात्रता सिद्ध करा, मग मागा. वेदीपुढे मात्र आपण आधी अपात्रता जाहीर करतो आणि मगच हात पुढे करतो. हे उलटे कसे?

या प्रश्नाचा विचार आज आपण करू या. कारण आमच्या अनुभवात आपल्या धर्मग्रामात दोन प्रकारची माणसे आहेत. काहीजण हे शब्द ओठांनी म्हणतात, पण मनात त्यांना आपण लायक आहोत याबद्दल तिळमात्र शंका नसते. काहीजण हे शब्द इतके मनाला लावून घेतात की वर्षानुवर्षे जागेवरून उठतच नाहीत. शेजारच्यांना वाट करून देण्यासाठी पाय आखडून घेतात आणि पुन्हा मान खाली घालून बसतात. पहिल्यांची आम्हाला काळजी वाटते. दुसऱ्यांची त्याहून अधिक वाटते.

कफर्णहूमचा शताधिपती

ही प्रार्थना आपण जिच्यामुळे म्हणतो ती व्यक्ती ख्रिस्ती नव्हती, यहुदीही नव्हती. गालील सरोवराच्या उत्तर काठावरील कफर्णहूम गावातील तो एक परका लष्करी अधिकारी होता. संत मत्तय यांनी आठव्या अध्यायात आणि संत लूक यांनी सातव्या अध्यायात त्याची कथा सांगितली आहे. त्याचा चाकर मरणाच्या दारी होता.

संत लूक यांची मांडणी लक्ष देऊन वाचली तर एक गंमत दिसते. शताधिपती स्वतः येत नाही, यहुदी वडीलधाऱ्यांना पाठवतो. ते वडीलधारे येशूकडे येऊन त्याची शिफारस करतात. हा मनुष्य लायक आहे, तो आपल्या लोकांवर प्रेम करतो, आमचे सभास्थान त्यानेच बांधून दिले, असे ते म्हणतात. एका अर्थी देणगीदारांच्या यादीतील वरचे नाव! येशू त्यांच्याबरोबर निघतो. घर जवळ आल्यावर शताधिपती आपल्या मित्रांना पुढे धाडतो आणि नेमके उलट कळवतो: तुम्ही माझ्या छपराखाली यावे असा मी नाही, तुमच्याकडे यायलाही मी स्वतःला लायक समजलो नाही. मूळ ग्रीक भाषेत वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'लायक' अशा अर्थाचा जो शब्द आहे, त्याच धातूचे क्रियापद शताधिपतीने स्वतःबद्दल नकारार्थी वापरले आहे. लोक म्हणतात लायक, तो म्हणतो नाही.

येशू कोणत्या गोष्टीने थक्क झाला? सभास्थानाच्या इमारतीने नाही. शिफारसपत्राने नाही. या माणसाच्या विश्वासाने थक्क झाला. असा विश्वास इस्राएलातही आढळला नाही, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. त्या माणसाजवळ दाखवण्यासारखे पुष्कळ होते. ते त्याने बाजूला ठेवले आणि फक्त येशूच्या शब्दावर भार टाकला.

आणखी एक गोष्ट आहे. त्या दिवशी येशू शताधिपतीच्या घरात प्रत्यक्ष गेला नाही. चाकर दुरूनच बरा झाला. कफर्णहूममध्ये काळ्या दगडांच्या बुटक्या घरांचे अवशेष सापडले आहेत. त्या काळी अशा घरांवर लाकडी वासे, फांद्या आणि मातीचे लिंपण यांची छपरे असत. शताधिपतीचे छप्पर त्याहून बरे असेलही. पण तो ज्या भेटीला बिचकला, ती भेट त्याला झाली नाही. आपल्याला मात्र होते. त्याचे शब्द आपण घेतले, आणि त्याला जे मिळाले नाही ते आपल्या जिभेवर ठेवले जाते.

आधी प्रेम, मग लायकी

तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी मांडलेला एक विचार सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ पुढे लोकांच्या घरी जाऊ लागल्यावर कळला. ते म्हणतात त्याचा आशय असा: माणसाचे प्रेम एखाद्या वस्तूतला चांगुलपणा पाहून जागे होते, देवाचे प्रेम मात्र चांगुलपणा शोधत येत नाही, ते चांगुलपणा निर्माण करते.

आपण आंबा पिकलेला, गोड आहे म्हणून तो आपल्याला आवडतो. देव झाडावर प्रेम करतो आणि म्हणून त्याला मोहोर येतो. आपण चांगले आहोत म्हणून देव आपल्यावर प्रेम करत नाही. तो प्रेम करतो म्हणून आपल्यात चांगले काही उगवते. यालाच ख्रिस्तसभा कृपा म्हणते. कृपा म्हणजे कामाची मजुरी नव्हे, बक्षीस नव्हे, कर्जही नव्हे. परतफेडीची अट नसलेले ते देणे आहे.

आपल्या मराठी भाषेने या सत्याची एक सुंदर सोय करून ठेवली आहे. 'पात्र' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पात्र म्हणजे लायक, आणि पात्र म्हणजे भांडे. भांड्याची पात्रता कशात असते? त्याच्या आत जागा असते, यात. काठोकाठ भरलेल्या हंड्यात विहिरीचे पाणी ओतून उपयोग नाही; ते बाहेरच सांडणार. संत पौल यांनी करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आपल्याजवळचा ठेवा मातीच्या भांड्यांत आहे, असे म्हटले आहे. मातीचेच भांडे, पण रिकामे हवे. जो स्वतःनेच भरलेला आहे तो अपात्र. जो आपले रितेपण ओळखतो, तो देवाच्या हिशेबी पात्र.

मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या परूशी आणि जकातदाराची गोष्ट हेच सांगते. परूशी खोटे बोलत नव्हता. तो खरोखर उपवास करत होता, खरोखर दशांश देत होता. त्याच्या भांड्यात फक्त देवाला जागा नव्हती.

लायकी काढणे आणि अपात्रता कबूल करणे

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. 'मी योग्य नाही' असे देवापुढे म्हणणे वेगळे आणि 'तुझी लायकी काय?' असे दुसऱ्याला म्हणणे वेगळे. पहिले प्रार्थना आहे. दुसरे पाप आहे.

देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले, असे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. पापाने ते प्रतिरूप मळले, पुसले गेले नाही. म्हणून कोणताही मनुष्य कवडीमोल नाही. आपण अपात्र आहोत याचा अर्थ आपण टाकाऊ आहोत असा नाही. आपल्याला जे दिले जात आहे ते आपल्या कमाईच्या पलीकडचे आहे, एवढाच आहे. लहान बाळ आईच्या दुधाला 'पात्र' ठरण्यासाठी काय करते? फक्त रडते. म्हणून ते टाकाऊ ठरते काय?

महाराष्ट्राच्या भूमीत लायकी काढण्याचा रोग जुना आहे. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा महार समाजातले, विठ्ठलाचे परमभक्त. पण पंढरपूरच्या मंदिरात त्यांना प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यास भिंत कोसळून त्यांचा अंत झाला आणि त्यांची समाधी मंदिराच्या महाद्वारासमोर, म्हणजे दाराबाहेरच झाली. ते मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. मधली सहा शतके दारावर उभ्या असलेल्यांनी इतरांची लायकी ठरवली.

दुसऱ्यांकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. ख्रिस्ती समाजातही जातीची आठवण बाप्तिस्म्याच्या पाण्याने पुसली गेली नाही. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेला २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करावे लागले, ते उगाच नव्हे. आपल्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईला आपण कोणत्या कपातून चहा देतो? शेतावर राबणारा आदिवासी बांधव मिस्साला आला तर त्याच्या शेजारच्या बाकावर आपण बसतो काय? वेदीपुढे 'मी योग्य नाही' म्हणणारा मनुष्य देवळाच्या पायऱ्या उतरून दुसऱ्याला 'तू योग्य नाहीस' कसा म्हणू शकतो? तसे तो म्हणत असेल, तर त्याने पहिले वाक्य कधी म्हटलेच नव्हते.

आमच्या हातून घडलेली चूक

हे आम्ही अधिकाराने लिहीत नाही, अपराधी म्हणून लिहीत आहोत. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दुसऱ्या धर्मग्रामात आम्ही नवीनच सहायक धर्मगुरू म्हणून गेलो होतो. तेथे एक गृहस्थ होते. दारूचे व्यसन होते, सख्ख्या भावाशी बांधावरून अबोला होता, घरात भांडणे होती. सणाच्या तयारीच्या सभेत मिरवणुकीसाठी माणसे हवी होती. ते उभे राहिले आणि पवित्र मातेच्या मूर्तीला खांदा द्यायला आपण तयार आहोत, असे म्हणाले. त्यावर आम्ही भर सभेत उत्तर दिले की, त्यांनी आधी आपले घर सांभाळावे, मग देवाच्या मातेला सांभाळायला यावे.

लोक हसले. आम्हालाही, खरे सांगायचे तर, आपण मुद्द्याचे बोललो असे वाटले. ते गृहस्थ खाली बसले.

पुढच्या रविवारपासून ते चर्चमध्ये आत आले नाहीत. पण घरीही बसले नाहीत. आवारातल्या क्रुसापाशी उभे राहून मिस्सा ऐकत. पावसात छत्री घेऊन उभे राहत. आम्ही ते पाहत होतो, आणि पाहून न पाहिल्यासारखे करत होतो. असे चार वर्षे चालले. त्या चार वर्षांत आम्ही वेदीवरून देवाच्या दयेवर किती प्रवचने केली असतील, याची गणती नाही.

मग एके दिवशी त्यांच्या पत्नीचा निरोप आला. यकृत पार बिघडले होते, डॉक्टरांनी घरी नेण्यास सांगितले होते. आम्ही ख्रिस्तप्रसादाची डबी खिशात ठेवून संध्याकाळी गेलो. दारात पोहोचलो तोच खाटेवरून त्यांचा आवाज आला.

"फादर, आत नका येऊ. हे घर तुमच्या येण्यासारखं नाही."

त्यांच्या मनात बायबल नव्हते. खोलीत उलटीचे घमेले होते, अंथरूण मळलेले होते, त्याची त्यांना लाज वाटत होती. पण आमचे पाय उंबऱ्यावरच थबकले. हजारो वेळा आम्ही वेदीवर जे म्हटले होते, ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकले. आणि ते ऐकताना कळले की आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत. तो शताधिपती होता; पण आम्ही काही येशू नव्हतो. लोकांची लायकी ठरवणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी आम्ही एक होतो. त्यातही ते वडीलधारे बरे. ते शिफारस तरी करत होते.

आत जाऊन आम्ही आधी त्यांची माफी मागितली. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "फादर, तुम्ही बोललात ते खोटं नव्हतं." खोटे नव्हते, हे खरे होते. पण सत्यसुद्धा दगडासारखे फेकून मारता येते, आणि आम्ही ते फेकले होते.

त्यानंतर त्यांनी पापनिवेदन केले. ते त्यांच्यात आणि देवात आहे. मग ख्रिस्तप्रसाद देण्यापूर्वी ती प्रार्थना म्हणायची वेळ आली. आम्ही दोघांनी ती मिळून म्हटली. त्या खोलीत जो खाटेवर होता तो अपात्र होता आणि जो डबी हातात धरून उभा होता तोही अपात्र होता. पाहुणा मात्र आला.

ते त्यानंतर थोडे दिवसच जगले. भावाचा अबोला सुटला नाही; भाऊ आला तो थेट अंत्यविधीला. प्रत्येक गोष्टीचा शेवट गोड होत नाही. त्यांच्या पत्नीने हे लिहिण्यास आम्हाला परवानगी दिली. ओळख पटेल असे तपशील आम्ही वगळले आहेत.

दोन बाजूंचे दोन खड्डे

ख्रिस्तसभेच्या इतिहासात या विषयावर मोठे वाद झाले. ते पंडितांचे कोरडे वाद नव्हते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खड्डे आहेत आणि ख्रिस्तसभा दोन्हींपासून आपल्याला सावध करत आली.

पहिला खड्डा स्वावलंबनाचा. इसवी सन ४०० च्या सुमारास रोममध्ये पेलाजियस नावाचा ब्रिटनकडून आलेला एक संन्यस्त वृत्तीचा मनुष्य शिकवण देत असे. रोममधील ख्रिस्ती लोकांचे ढिले जीवन पाहून त्याला चीड येई. मनुष्याने ठरवले तर तो स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असे त्याचे म्हणणे होते. हेतू वाईट नव्हता. पण उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप संत ऑगस्टीन यांनी त्याला विरोध केला. स्वतःच्या तारुण्यातील पापे त्यांना ठाऊक होती. ठरवूनही माणूस किती वेळा घसरतो, हे त्यांनी भोगले होते. मनुष्याला केवळ चांगल्या उपदेशाने भागत नाही, त्याला आतून बरे करणारी कृपा लागते, असे त्यांनी मांडले. ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलाजियसची शिकवण अमान्य केली. ५२९ साली ऑरेंज येथील धर्मसभेने आणखी स्पष्ट केले की, देवाकडे वळण्याची पहिली इच्छासुद्धा देवाच्या कृपेनेच मनात उगवते.

दुसरा खड्डा भीतीचा. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये यान्सेन या बिशपच्या विचारांचा प्रभाव पडला. त्यांच्या अनुयायांपैकी आंत्वान आर्नो यांनी १६४३ साली वारंवार ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या प्रथेविषयी एक ग्रंथ लिहिला. पुरेशी तयारी, पुरेसा पश्चात्ताप, पुरेसे शुद्ध मन असल्याशिवाय वेदीपाशी जाऊ नये, असा त्याचा रोख होता. हळूहळू अनेक भाविक लोक ख्रिस्तप्रसादापासून दूर राहणे हीच मोठी भक्ती समजू लागले. ही कडक हवा पुढे दूरवर पसरली आणि दीर्घकाळ टिकली.

ही भीती मोडून काढण्याचे काम पोप संत दहावे पायस यांनी केले. १९०५ सालच्या आज्ञापत्राने त्यांनी कृपावस्थेत असलेल्या आणि शुद्ध हेतूने येणाऱ्या प्रत्येकाला वारंवार, दररोजसुद्धा ख्रिस्तप्रसाद घेण्याचे दार उघडले. १९१० साली त्यांनी लहान मुलांनाही साधारण सातव्या वर्षापासून वेदीपाशी आणले. त्यापूर्वी अनेक ठिकाणी दहा, बारा, चौदा वर्षांपर्यंत मुलांना थांबावे लागे. आज आपली मुले पांढरे कपडे घालून पहिल्या ख्रिस्तप्रसादाला उभी राहतात, तेव्हा त्यामागे हा निर्णय आहे. अलीकडे पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ साली हेच स्मरण करून दिले, की ख्रिस्तप्रसाद हे निर्दोष लोकांना मिळणारे बक्षीस नाही, दुर्बळांसाठी असलेले औषध आणि अन्न आहे.

कृपेच्या प्रश्नावरूनच सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर आणि रोम यांची ताटातूट झाली. त्रेंत धर्मसभेने १५४७ साली कॅथलिक शिकवण मांडली: येशू ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेशिवाय कोणीही स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरू शकत नाही, पण कृपा आली की मनुष्याने तिला स्वेच्छेने साथ द्यायची असते. साडेचारशे वर्षांनंतर, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि ल्यूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या पुण्याईमुळे नव्हे, ख्रिस्ताच्या कृपेमुळेच देव आपल्याला स्वीकारतो, या मूळ मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले. आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांशी बोलताना हे आपल्या लक्षात असावे.

मग सत्कर्मे कशाला?

कोणी म्हणेल, सारे फुकटच मिळते तर चांगले वागण्याची गरज काय? हा प्रश्न संत पौल यांनाही विचारला गेला होता आणि रोमकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायात त्यांनी त्याला ठाम नकार दिला आहे. डॉक्टरने फी घेतली नाही म्हणून कोणी पुन्हा मुद्दाम विष पीत नाही. कृपा फुकट आहे, स्वस्त नाही. तिची किंमत क्रुसावर चुकती झाली आहे.

आणखी एक शंका. संत पौल यांनी करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, अयोग्य रीतीने प्रभूची भाकर खाण्याबद्दल कडक इशारा दिला आहे. तो वाचून काहीजण घाबरतात. पण नीट वाचावे. इशारा 'अयोग्य रीतीने' खाण्याबद्दल आहे. आपण अयोग्य असणे आणि अयोग्य रीतीने घेणे यांत फरक आहे. अयोग्य तर आपण सगळेच आहोत. करिंथमध्ये काय घडत होते? प्रभूच्या नावाने जमलेल्या भोजनात काहीजण आधी पोटभर खात-पीत आणि गरीब बांधव उपाशी राहत. शेजाऱ्याला अपमानित करून प्रभूचे शरीर घेणे, हे अयोग्य रीतीने घेणे.

म्हणून ख्रिस्तसभेचा नियम दोन्ही बाजू सांभाळतो. गंभीर पापाची जाणीव असेल तर आधी पापनिवेदन करावे, मग ख्रिस्तप्रसाद घ्यावा. पण हा नियम दूर ठेवण्यासाठी नाही, जवळ येण्याची वाट दाखवण्यासाठी आहे. दवाखान्याच्या दारावर 'आधी येथे नाव नोंदवा' असे लिहिलेले असते, म्हणून आजारी माणूस घरी परत जातो काय?

रिकामे हात

बाळ येशूची संत तेरेजा अवघ्या चोविसाव्या वर्षी, १८९७ साली क्षयाने वारली. तिने मोठे मठ स्थापले नाहीत, मोठे ग्रंथ लिहिले नाहीत. १८९५ साली तिने देवाला केलेल्या समर्पणात सांगितले की, जीवनाच्या संध्याकाळी आपण रिकाम्या हातांनी त्याच्यापुढे उभ्या राहू. आपली सत्कर्मे त्याने मोजावीत असे आपण मागणार नाही. पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ साली याच मुलीला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले. रिकाम्या हातांची विद्या ही फार वरची विद्या आहे.

तेव्हा या आठवड्यात तीन गोष्टी करू या. पहिली: पुढच्या रविवारी ती प्रार्थना म्हणताना घाई करू नका. 'माझे छप्पर' म्हणजे आपले खरे घर डोळ्यांपुढे आणा, त्यातले भांडण, त्यातला लपवलेला कोपरा, त्यातला न बोललेला शब्द. त्या छपराखाली प्रभू येतो आहे. दुसरी: गेल्या काही दिवसांत आपण कोणाची लायकी काढली असेल, सुनेची, नोकराची, भावाची, तर त्या व्यक्तीकडे जा. चार वर्षे थांबू नका; आम्ही थांबलो होतो. तिसरी: जे वर्षानुवर्षे बाकावरच बसून राहतात, किंवा बाहेर क्रुसापाशी उभे राहतात, त्यांनी आम्हाला भेटावे. कोणाचे लग्नाचे प्रश्न गुंतागुंतीचे असतील, कोणाचे जुने ओझे असेल. सगळ्याच गाठी एका भेटीत सुटतील असे वचन आम्ही देऊ शकत नाही. पण कोणाचीही लायकी विचारली जाणार नाही, हे वचन देतो. शनिवारी संध्याकाळी पापनिवेदनासाठी आम्ही बसलेले असतो. तेथे बसण्याआधी आम्हीही दुसऱ्या धर्मगुरूंपुढे गुडघे टेकून आलेले असतो.

हे प्रभो, आमची भांडी मातीची आहेत, काही तडकलेलीही आहेत. जी भरलेली आहेत ती तू रिकामी कर आणि जी रिकामी आहेत ती तू भर. आमच्या दारात जो संकोचून उभा आहे त्याला आत घेण्याची बुद्धी आम्हाला दे. कारण तुझ्या दारात आम्हीही तसेच उभे आहोत. आमेन.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू